किनारा दिसू लागल्यावर

३१ मार्च २०१३ रोजी नौदलाचे अभिलाष टॉमी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन मुंबईसमोर अंतिम रेषा ओलांडून आले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाल्यापासून १५१ दिवस त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. त्यांचं अधिकृत स्वागत मात्र ६ एप्रिलला झालं. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी गेटवे ऑफ इंडियाला आले, बँड वाजला, छायाचित्रं निघाली. त्यांच्या आधी दिलीप दोंदे यांनी याच नौकेतून चार बंदरांत थांबत एकट्याने प्रदक्षिणा केली होती. १९ ऑगस्ट २००९ला निघालेले दोंदे १९ मे २०१०ला परतले आणि समारंभ २२ तारखेला, उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांच्या उपस्थितीत झाला. प्रवास संपला तो दिवस वेगळा आणि तो संपल्याचं आपण साजरं केलं तो दिवस वेगळा. समारंभाला तारीख लागते, पाहुण्यांची सोय पाहावी लागते, त्यात गैर काहीच नाही. पण आपल्या स्मरणात फक्त हार-तुऱ्यांचा दिवस राहतो आणि त्याच्या अलीकडचे पंधरा-वीस दिवस पुसले जातात. लांबच्या सागरप्रवासाची खरी कसोटी मात्र त्याच दिवसांत लागते, असं माझं मत आहे. वादळात माणसाचं धैर्य दिसतं. किनारा जवळ आल्यावर त्याची बुद्धी ठिकाणावर आहे की नाही, हे दिसतं.

धुळ्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं कुणी म्हणेल. मुंबईचा समुद्र इथून सव्वातीनशे किलोमीटरवर आणि खानदेशाला इंचभरही किनारा नाही. पण खानदेशाची नदी समुद्रालाच मिळते आणि ती जिथे मिळते त्या सुरतेने शतकानुशतकं या मुलखाला जगाशी जोडून ठेवलं. बऱ्हाणपूरचं कापड तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जाऊन जहाजात चढत असे. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरून बऱ्हाणपूरला गेला, तोही नंदुरबारवरून. त्याचा सागरप्रवास सुरतेला संपला, पण पुढचा पल्ला खानदेशातूनच होता. आजही सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि बंदराकडे जाणारे कंटेनर रात्रंदिवस शहराला लागून धावतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेतून दोंदे, टॉमी आणि पुढे ‘तारिणी’वरच्या स्त्री अधिकारी जगाला वळसा घालून आल्या, तिची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. त्यांचा जन्म सुरतेचा, १९२७चा. १९७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला आणि पश्चिम नौदल विभागाचं नेतृत्व केलेला हा दर्यावर्दी निवृत्तीनंतर राहिला कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत. ते गाव समुद्रापासून धुळ्याइतकंच परकं. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून पृथ्वीला फेरी घालावी, हा ध्यास त्यांनी तिथे बसून सोडला नाही. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. त्यामुळे समुद्राची जाण किनाऱ्यावरच्यांचीच मिरास आहे, हे मला मान्य नाही.

आता शेवटच्या दिवसांत नेमकं काय घडतं ते पाहू. मुंबईकडे परतणारी शिडाची नौका केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदी महासागरात येते. दक्षिणेकडचा आग्नेय व्यापारी वारा तिला काही आठवडे इमानेइतबारे ढकलत राहतो. मग विषुववृत्ताच्या आसपास वारा पडतो. या पट्ट्यात एखादी काळी सर अचानक कोसळते, दहा मिनिटं वारा भणाणतो आणि पुन्हा सगळं ठप्प होतं. शीड रिकाम्या पोत्यासारखं लोंबतं. खालून संथ लाट येते, नौका डावी-उजवीकडे झुलते आणि प्रत्येक झोल्याबरोबर आडव्या दांड्याला हिसका बसून कापड, दोर आणि कड्या झिजत राहतात. वादळात जेवढं झिजत नाही तेवढं अशा पडलेल्या वाऱ्यात झिजतं. तिथून सुटका झाली की मार्च ते मे महिन्यांतला अरबी समुद्र असतो. वारा मंद, ऊन रणरणतं, पाणी-इंधन मोजून वापरायचं, आणि घर नकाशावर बोटभर अंतरावर. दक्षिण महासागरात कित्येक दिवस एकही जहाज नजरेला पडत नाही. इथे मात्र मालवाहू जहाजांची रांग, बॉम्बे हायचे तेलाचे फलाट आणि रात्री पाण्यात सोडलेली मासेमारीची जाळी. एकटा नाविक सलग झोपूच शकत नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी डुलकी घेतो, उठून क्षितिज पाहतो, पुन्हा आडवा होतो. महिनोन्‌महिने असं काढलेल्या शरीराकडून सगळ्यात जास्त सावधपणा मागितला जातो तो अखेरच्या तीनशे मैलांत.

‘तारिणी’चं उदाहरण यासाठी बोलकं आहे. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघाल्या. प्रशांत महासागर त्यांनी पार केला, जानेवारी २०१८मध्ये केप हॉर्नला वळसा घातला. नाविकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या टोकाला वचकून राहिल्या तिथून नौका सुखरूप निघाली. केप टाउनचा मुक्काम आटोपून त्या घराच्या वाटेला लागल्या आणि या शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली. वेळापत्रकात नसलेलं मॉरिशसचं पोर्ट लुई गाठून दुरुस्ती करावी लागली. २१ मेला त्या गोव्यात पोहोचल्या. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. केळीची बाग वर्षभर सांभाळावी, घड भरून कापणीला यावा आणि मे महिन्यातल्या एका वावटळीने बाग आडवी व्हावी, हे त्याने पाहिलेलं असतं. घड जितका भरतो तितकं खोडावर ओझं वाढतं आणि तितकं गमावण्यासारखंही जास्त असतं. नौकेतलं लोखंड, दोर आणि माणूस यांनीही हजारो मैलांचा ताण साठवलेला असतो, तो शेवटी बाहेर पडतो. मॉरिशसला थांबण्याचा तो निर्णय मला केप हॉर्न ओलांडण्याइतकाच मोठा वाटतो. घर समोर असताना वाट वाकडी करून बंदरात शिरायला वेगळा संयम लागतो. बातम्यांत मात्र केप हॉर्नच झळकलं.

यंत्र बिघडतं तसं मनही बिघडतं, आणि त्याचा सगळ्यात सविस्तर पुरावा १९६८-६९च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत आहे. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांसाठी ही शर्यत लावली. पहिल्या येणाऱ्याला सोनेरी गोल आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला पाच हजार पौंड. नऊ जण निघाले, शर्यत एकानेच पुरी केली. तो म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. आपल्या सुतारांच्या हातचं काम पृथ्वीच्या पहिल्या विनाथांबा एकट्या फेरीत टिकलं, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती. ‘सुहेली’ शर्यतीतल्या संथ नौकांपैकी एक. तिचा रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने नॉक्स-जॉन्स्टनचा पत्ताच नव्हता. एप्रिल १९६९च्या सुरुवातीला अझोर्स बेटांजवळ एका जहाजाने त्याला पाहिलं तेव्हा तो जिवंत असल्याचं कळलं. २२ एप्रिलला ३१२ दिवसांनी तो फाल्मथला पोहोचला. जाण्यापूर्वी आणि आल्यावर त्याची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी झाली आणि दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघाला: माणूस अगदी नॉर्मल आहे. रेडिओ बंद असणं ही त्याच्यावरची आपत्ती समजली जाते. मला ती त्याच्यावर झालेली कृपा वाटते. मागे कोण आहे, पुढे कोण आहे, किनाऱ्यावर काय बोललं जातंय, याचा कोलाहल त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. तो फक्त नौका सांभाळत राहिला.

बाकीच्यांचं काय झालं ते पाहिलं की हे पटतं. फ्रान्सचा बर्नार मोआतेसिए वेगाने घराकडे येऊ शकला असता. वेळेचं बक्षीस त्याच्या हाती येण्याची दाट शक्यता होती. मार्च १९६९मध्ये केप टाउनजवळ त्याने एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकली: आपण परत येत नाही, समुद्रावर सुखी आहोत. आणि तो थेट ताहितीकडे निघून गेला. ब्रिटिश नौदलाचा अधिकारी नायजेल टेटली याने तर स्वतःची जाण्याची रेघ पुन्हा ओलांडली होती, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या प्रदक्षिणा पूर्ण झाली होती. पण मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट वेगाने येतोय अशा बातम्या त्याच्या कानावर येत होत्या. तीन सांगाड्यांची त्याची नौका खिळखिळी झाली होती, तरी शिडं कमी न करता तो ती पिटाळत राहिला. २१ मे १९६९ला अझोर्सजवळच्या वादळात ती फुटली. घर सुमारे अकराशे सागरी मैलांवर होतं. तो तराफ्यावर वाचला, पण ज्याच्या भीतीने त्याने नौका गमावली तो क्रोहर्स्ट अटलांटिक सोडून कधी गेलाच नव्हता. गळक्या नौकेतून पुढे जायची हिंमत नाही आणि कर्जापायी मागे फिरायची सोय नाही, अशा कोंडीत तो खोटी ठिकाणं कळवत फिरत होता. टेटलीची नौका बुडाल्यावर बक्षीस क्रोहर्स्टकडे येणार हे ठरल्यासारखं झालं. बक्षीस आलं की रोजनिशी तपासली जाणार हेही ठरलं. त्याच्या वहीतली शेवटची नोंद १ जुलैची. १० जुलैला नौका सापडली, माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने आपलं पाच हजार पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिलं.

या चौघांना मध्यसमुद्राने हरवलं नाही. मोआतेसिए दक्षिण महासागरातून धडधाकट बाहेर पडला होता, टेटलीनेही केप हॉर्न मागे टाकलं होतं. चौघांचा निकाल लागला तो परतीच्या वाटेवर, किनाऱ्याशी असलेल्या त्यांच्या नात्यावरून. एकाला किनारा नकोसा झाला, एकाला तो अनावर झाला, एकाला त्याचं तोंड बघवेना आणि एकजण रोजचं काम करत तिथे पोहोचला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सागरी अपघातांचा हिशेब मांडला तर मोठं संकट खुल्या महासागरातच येतं. खुद्द अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८मध्ये, त्याच शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त झालेल्या आवृत्तीत, दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. त्यांच्या ‘थुरिया’ या नौकेची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. हे वाटेत मध्येच घडलं, शेवटी नव्हे. आक्षेप खरा आहे. मृत्यूचा धोका कुठे जास्त, या प्रश्नाचं उत्तर दक्षिण महासागर हेच राहील. पण मी कसोटीबद्दल बोलतोय. उंच लाट अंगावर येते तेव्हा निवड करायला फारसा वाव नसतो, जे शिकलोय ते करायचं. शेवटच्या टप्प्यात निवड असते: शीड उतरवायचं की आणखी एक रात्र रेटायचं, दुरुस्तीला थांबायचं की तसंच निघायचं, खरं कळवायचं की खोटं. टॉमी त्याच पाठीत धातूचे आधार घेऊन २०२२च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ला फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोनला दुसरे आले, २३६ दिवसांनी. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफर यांनाही बंदराच्या तोंडाशी वाऱ्याने ताटकळत ठेवलं होतं. आठ महिन्यांच्या शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर राहिलं ते दीड दिवसाचं. इतक्या जवळ प्रतिस्पर्धी असताना टेटलीची चूक न करणं, हीच टॉमींची कमाई होती.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं वीरांचं झालं, तिकीट काढून क्रूझवर जाणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? शेवटच्या दोन दिवसांत तो बॅगा भरतो, ओळख झालेल्यांचे नंबर घेतो, थोडा उदास होतो आणि उतरतो. सामान्य वर्षात हे खरंच आहे. पण २०२० साली हा निवांत शेवट कसा बदलतो ते जगाने पाहिलं. ‘डायमंड प्रिन्सेस’ फेब्रुवारीत योकोहामाला पोहोचलं तेव्हा सहलीचा शेवटचाच मुक्काम होता. ३,७११ प्रवासी आणि कर्मचारी त्यावर होते. उतरायच्या दिवशी उतरता आलं नाही आणि सातशेहून अधिक जणांना करोना झाला. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते, हे इथे लक्षात घ्यायचं. प्रवासी खोल्यांत बंद होते तेव्हा त्यांच्या दारापर्यंत जेवणाची ताटं याच लोकांनी पोहोचवली. ‘कोस्टा डेलिझिओसा’ जानेवारीत व्हेनिसहून जगप्रदक्षिणेला निघालं होतं. ऑस्ट्रेलियानंतर सुमारे पाच आठवडे त्यावरचे प्रवासी जमिनीवर उतरले नाहीत. २२ एप्रिलला जिनोव्हात शेवटचा प्रवासी उतरला तेव्हा निघतानाचं जग उरलेलं नव्हतं. प्रवासाचा शेवट प्रवाशाच्या हातात नसतो, तो किनाऱ्याच्या हातात असतो. ही गोष्ट शिडाच्या नौकेला जितकी लागू, तितकीच पंधरा मजली जहाजाला.

आणि हे सर्वांत जास्त लागू आहे ते जहाजावर नोकरी करणाऱ्यांना. भारत जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांपैकी आहे आणि आता किनारा नसलेल्या जिल्ह्यांतली मुलंही कर्ज काढून कोर्स करतात नि जहाजावर जातात. आंतरराष्ट्रीय करारानुसार कुणालाही सलग अकरा महिन्यांच्या वर जहाजावर ठेवता येत नाही. २०२०मध्ये तो नियम कागदावर राहिला. वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही समुद्रावर अडकले होते. ‘मारेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी स्वतःच्याच देशाच्या किनाऱ्यासमोर थांबून होते. केंद्राने नियमावली काढली आणि २३ एप्रिलला त्यांना मुंबईत पाय ठेवता आला. करोना गेला तरी साइन ऑफच्या, म्हणजे करार संपवून जहाज सोडण्याच्या, आधीचे दिवस नाजूकच राहिले. बदली माणूस वेळेवर येईल की नाही, विमानाचं तिकीट झालं का, थकलेला पगार जमा होईल ना, या विचारांत मन घरी पोहोचलेलं असतं आणि हात अजून यंत्राशी असतात. या अस्वस्थतेला दर्यावर्दी ‘चॅनेल फीव्हर’ म्हणत आले आहेत. घरचे लोक मात्र या दिवसांत फोनवर फक्त एकच विचारतात, कधी येतोस. त्यांचा दोष नाही. तिकडे काय चाललेलं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

स्वागत शेवटच्या दिवसांना कसं गिळून टाकतं याचं मराठीतलं सर्वांत दुःखद उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी. १८८३ साली निघण्यापूर्वी सेरामपूरला तिने केलेलं भाषण, आपण अमेरिकेला का जातो हे सांगणारं, आजही उद्धृत होतं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून ती निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचली, मार्च १८८६मध्ये डॉक्टर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयाने पोखरलेल्या शरीराने ती पती गोपाळरावांबरोबर बोटीने परत आली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली जागा तिची वाट पाहत होती. लोकांनी कौतुकाने स्वागत केलं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी. डॉक्टर झालेली ती मुलगी स्वतःच्या आजाराचा अर्थ जाणत असणार. मग परतीच्या बोटीवरचे ते दिवस तिच्यासाठी काय असतील? चरित्रग्रंथांबाहेर त्या दिवसांचा उल्लेखही ऐकू येत नाही. नाटक-सिनेमांना तिचं निघणं पुरतं आणि मरण पुरतं. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’सुद्धा जातानाचाच, १८८३चा. निघण्यावर लिहायला आपल्याला नेहमीच उत्साह असतो.

म्हणूनच नोंदींना मोल आहे. क्रोहर्स्टचा खोटेपणा जगाला कळला तो त्याच्याच वह्यांमुळे आणि त्याच वह्यांमुळे जगाला त्याच्याबद्दल तिरस्काराऐवजी कणव वाटली. नौदलाच्या मोहिमांची दप्तरं नौदल सांभाळेल, दोंदे-टॉमींनी पुस्तकंही लिहिली आहेत. प्रश्न बाकीच्यांचा आहे. या बाबतीत धुळ्याइतकं अधिकाराने बोलू शकणारं दुसरं शहर क्वचितच असेल. घराघरांतल्या माळ्यांवरची दप्तरं म्हणजेच इतिहास, हे सांगत गावोगाव फिरलेल्या वि. का. राजवाड्यांचं ३१ डिसेंबर १९२६ला इथेच निधन झालं आणि त्यांची कागदपत्रं जपण्यासाठी इथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. नानासाहेब देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभारलं तेही इथेच. दुसऱ्याने निरुपयोगी म्हणून टाकलेला कागद उचलून ठेवायची या गावाला सवय आहे.

तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या ज्या घरांतलं कुणी जहाजावर आहे किंवा होतं, त्यांना एवढंच सांगणं आहे. तो घरी आला की जेवणं, सत्कार, नातेवाइकांच्या भेटी होऊ द्या. मग एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा आणि जहाज सोडण्यापूर्वीचे शेवटचे पंधरा दिवस कसे गेले ते विचारा. तो सांगेल ते तारखेसह वहीत उतरवा, आणि त्याच्याकडे त्या दिवसांची डायरी, पत्रं किंवा मोबाइलवरचे निरोप असतील तर ते पुसू देऊ नका.